रविवारी दुपारी बारापर्यंत

शेजारच्या दारातल्या गृहस्थांना मी सचिव म्हणतो, म्हणजे ते कुणी बडे साहेब आहेत असं समजू नका. बडे साहेब आमच्या मजल्यावर कशाला राहायला येतील? इथे सकाळी सातनंतर नळाचा जोर निम्मा होतो. ते एका सचिवालयात काम करतात, एवढंच. एका समुद्राच्या काठावर नऊ देश आहेत. त्या नऊ जणांनी मिळून एक कार्यालय काढलंय. कुठल्या महिन्यात कुठला मासा धरायचा, जाळ्याचं भोक केवढं ठेवायचं, खडकावरच्या दिव्याने मिनिटाला किती वेळा डोळा मारायचा, असल्या गोष्टी तिथे ठरतात. म्हणजे ठरवतात देशच. ठरलं की नाही, ते आमचे सचिव बघतात. एकोणीस वर्षं तेच बघतायत.

मला हे सगळं ठाऊक कसं? एक तर मी भोचक आहे. हे माझं मीच सांगून टाकतो, आमच्या हिला विचारायला जाऊ नका, ती यादी काढून देईल. आणि दुसरं म्हणजे मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो, आणि त्यांच्या कार्यालयाच्या इमारतीतली लिफ्ट आमच्याच कंपनीकडे आहे. दर दोन महिन्यांनी तिचं काहीतरी बिघडतं. नाही बिघडलं तरी मी चौथ्या मजल्यावर डोकावून येतो.

चौथ्या मजल्यावर एक लांबलचक टेबल आहे. त्यावर नऊ छोटे झेंडे, सगळे एका उंचीचे. एकदा एका झेंड्याची काठी बोटभर उंच निघाली तर तीन आठवडे सभा झाली नव्हती म्हणे. दोन खुर्च्यांमध्ये एक पाण्याचा जग. आणि कोपऱ्यात, झेंड्यांच्या हद्दीबाहेर, सचिवांचं टेबल. त्यावर दोन फोन, समोर भिंतीवर घड्याळ.

त्यांचं मुख्य काम त्या घड्याळाचं. सगळ्या गोष्टींसाठी नऊ देशांना एका टेबलाशी बसवणं परवडत नाही, म्हणून बारीकसारीक गोष्टी कागदावर होतात. मसुदा नऊ ठिकाणी जातो. खाली लिहिलेलं असतं, गुरुवारी दुपारी बारापर्यंत हरकत कळवावी. जो गप्प बसला तो कबूल. नऊच्या नऊ गप्प बसले की मसुदा मंजूर. ह्याला ते मौन मुदत म्हणतात, आणि हरकत घेतली की मौन मोडलं म्हणतात.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला केवढी गंमत वाटली.

"म्हणजे गप्प बसलं की हो?" मी विचारलं.

"गप्प बसलं की हो."

"अहो, मग मी आमच्या घरी पंचवीस वर्षं सगळ्यालाच हो म्हणत आलोय!"

"तुमच्या घरी मुदत नसते," सचिव म्हणाले.

हे ते विनोदाने म्हणाले नाहीत. ते विनोद करत नाहीत. मी दोघांच्या वाटचे करतो.

पण तेव्हाचे सचिव निराळे होते, हे सांगितलं पाहिजे. मसुदा निघायच्या आधी चार दिवस ते फोनला चिकटायचे. नऊ ठिकाणी नऊ फोन, आणि एकातही मसुद्याचं नाव नाही. तुमच्याकडे थंडी कशी आहे? मुलाच्या पायाचं प्लास्टर निघालं का? आईंचा कान कसा आहे? मी लिफ्टचं दार उघडं टाकून ऐकत बसायचो. मला वाटायचं, सरकारी खर्चाने गप्पा हाणणारा माणूस म्हणजे ह्याच्याइतका सुखी कोण! पण अर्ध्या तासाच्या प्लास्टरमधून आणि कानामधून त्यांना बरोबर कळायचं की अमक्या देशाला तिसऱ्या कलमातला 'तात्काळ' नकोय. मग 'तात्काळ'चं 'लवकरात लवकर' व्हायचं आणि कागद निघायचा. गुरुवारी बारा वाजता सगळीकडे शांत.

"खरं काम कागद निघायच्या आधीचं," ते म्हणायचे. "नंतर फक्त घड्याळ बघायचं."

घरीही तेच. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतात. हात इतके नेमके की माझ्या हिच्या सुईत त्या चालता चालता दोरा ओवून देतात. त्या हसत सांगायच्या, "भावजी, हा माणूस रात्रीची भांडी पुसायला उभा राहिला ना, की समजायचं, काहीतरी मंजूर करून घ्यायचंय." आणि सचिव खरंच ताटल्या पुसत दुकानातलं, गिऱ्हाइकाचं, तिच्या बहिणीचं विचारत बसायचे, आणि पडद्याचा रंग शेवटच्या ताटलीला निघायचा. भिंत पातळ आहे आमची. हसण्याचे आवाज यायचे.

मग त्यांच्या कार्यालयात नव्या संचालक बाई आल्या. आधी त्या गाद्यांच्या कंपनीत व्यवस्थापक होत्या. गाद्यांवर माझा राग नाही. बाईही वाईट नव्हत्या, लिफ्टमध्ये स्वतःहून बटण दाबायच्या. त्यांनी सगळ्यांना पाच दिवसांच्या व्यवस्थापनाच्या शिबिराला पाठवलं. सचिव तिथून एक जाडजूड फाइल आणि एक शब्द घेऊन परतले. शब्द होता 'प्रक्रिया'. पूर्वी ते म्हणायचे, बघू या. आता म्हणायला लागले, ह्याची प्रक्रिया काय?

बाईंचं म्हणणं सरळ होतं. आधीचे ते फोन कुठे नोंदले जातात? नाही ना? मग ते काम नव्हे. त्यांनी भिंतीवर एक पडदा लावला. त्यावर नऊ चौकोन. हरकत आली की चौकोन लाल, गप्प असेल तर हिरवा. वर्षाअखेर शंभरातले चौऱ्याण्णव मसुदे मुदतीत मंजूर झाले, पूर्वी ऐंशीही होत नव्हते. सचिवांना काचेचं एक स्मृतिचिन्ह मिळालं, पाण्याच्या थेंबासारखं. मी म्हटलं, "अश्रू दिलाय की काय तुम्हाला?" ते म्हणाले, "त्याचं वजन सातशे ग्रॅम आहे."

ते फोन बंद झाले तसं कुणाच्या आईचा कान कसा आहे, हे त्यांना कळेनासं झालं. मला वाटलं, चुकल्यासारखं होत असेल. विचारलंही. म्हणाले, "दिवसाचे दोन तास वाचतात."

वाचलेले दोन तास घरी आले. फ्रिजवर मसुदे लागायला लागले. न्हाणीघराची फरशी: हरकत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. सुट्टीत कुठे जायचं: चार कलमं. हरकत लेखी, कारणासह. मुलीला, तिला आम्ही सगळे बबडी म्हणतो, सोळा वर्षांची झाली तरी, तिला सुरुवातीला फार मौज वाटली. तिने सोफ्याच्या कापडावर मौन मोडलं, अडीच पानं कारणं लिहून. वहिनींनी एकदा फरशीवर मोडलं. मी सतत तिथेच पडीक असतो म्हणून मला निरीक्षक करण्यात आलं. निरीक्षकाने बसायचं, बघायचं, बोलायचं नाही. हे पद मला देणाऱ्या माणसाला विनोद कळत नाही असं कोण म्हणेल?

हळूहळू कुणी मौन मोडेनासं झालं. कारणासह लिहायचं म्हटलं की माणूस म्हणतो, मरू दे, निळी तर निळी. घर सुतासारखं चालायला लागलं. गॅस संपायच्या आधी नवा यायचा. बबडीची फी, डॉक्टरची तारीख, सगळं वेळेवर. भांडी पुसायला आता मशीन होतं. तोही मसुदा मुदतीत मंजूर झालेला. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा, आणि तो थांबला की काहीच नाही.

त्याच सुमारास कार्यालयात एक प्रकार झाला, तेव्हा मी तिथेच होतो, लिफ्टच्या बटणांची पाटी उघडून. नऊ देशांतल्या सगळ्यात छोट्या देशाची कचेरी म्हणजे एक माणूस, एक खोली. तो माणूस पित्ताशयाच्या खड्याने इस्पितळात होता. त्याच आठवड्यात जाळ्याच्या भोकाचा मसुदा फिरला. त्याच्याकडून हरकत आली नाही. चौकोन हिरवा. मसुदा मंजूर, आणि त्या देशातल्या दोनशे होड्यांची जाळी एका दुपारीत बेकायदा झाली. तो इस्पितळातून फोन करत होता. सचिवांनी फोन कानापासून थोडा लांब धरला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"तुम्ही नेहमी आधी फोन करायचात," तो म्हणत होता. ओरडतही नव्हता. "मी तुमच्या फोनच्या भरवशावर राहिलो हो."

"आता प्रक्रिया बदलली आहे," सचिव म्हणाले.

मला वाटलं, आता ते त्याच्या पोटाचं विचारतील. त्यांनी फोन ठेवला.

"वाईट वाटलं असेल ना तुम्हाला?" मी विचारलं. मी चेष्टेने नव्हतं विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. खिशात किल्ली चाचपतो तसा. "वाटायला हवं होतं," म्हणाले. "बघितलं मी. नाही वाटलं."

मी पाटीचे चार स्क्रू बसवले आणि खाली आलो.

ह्यानंतर दोनेक महिन्यांनी वहिनींच्या दुकानदाराने बंदराच्या गावात दुसरं दुकान काढायचं ठरवलं आणि ते तुम्ही सांभाळा म्हणून वहिनींना विचारलं. ते गाव बसने सहा तासांवर. वहिनींनी हे सचिवांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं आहे. कागद काढ."

तर वहिनींनी कागद काढला. एका मंगळवारी मी त्यांच्याकडे आलेलं पार्सल द्यायला गेलो तर तो फ्रिजवर होता. मथळा, क्रमांक, समास, सगळं सचिवांच्या नमुन्यात. पहिलं कलम, मी पुढल्या महिन्याच्या एक तारखेला नव्या दुकानात रुजू होईन. दुसरं, बबडी शाळेचं वर्ष संपेपर्यंत इथे राहील, पुढे तिला हवं तिथे. तिसरं सामानाचं. चौथं एका ओळीचं: ही व्यवस्था कायमची आहे. खाली, हरकत रविवारी दुपारी बारापर्यंत.

मी ते दोनदा वाचलं. पार्सल हातात तसंच.

संध्याकाळी वहिनी आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. माझी ही चहा गाळत होती. मी दारात उभा, कारण दोन्ही घरांतल्या कुठल्याही गोष्टीत मला दारात उभं राहावंच लागतं.

"चौथ्या कलमावर त्यांनी काट मारली की संपलं," वहिनी म्हणाल्या. "एवढंच. एक रेघ. मग मी वर्षभर जाऊन परत येईन. नाहीतर जाणारही नाही कदाचित. काय ते ठरवू ना मग. पण आधी त्यांच्याकडून यायला हवं."

"आणि नाही आलं तर?" हिने विचारलं.

"तर जाईन. कायमची जाईन."

"अगं मग सांग ना त्यांना, काट मारा म्हणून!"

"सांगितलं तर मारतील. पट्टी घेऊन सरळ मारतील." वहिनींनी चष्मा काढून पदराला... नाही, त्या चष्मा कधीच कपड्याला पुसत नाहीत. त्यांनी पर्समधून छोटं फडकं काढलं. "सांगून मारलेली नकोय मला. भावजी, तुमच्याच जिभेची भीती आहे. शपथ घ्या बघू."

"घेतली," मी म्हटलं.

"त्यांना पाळता येत नाही गं शपथ," माझी ही म्हणाली. "ते लिफ्टमधल्या आरशालाही बातमी सांगतात."

दोघी हसल्या. थोड्याशाच.

आता शपथ म्हणजे शपथ, पण आडून आडून काही बोलू नये असं तर ठरलं नव्हतं. बुधवारी सकाळी लिफ्टमध्ये मी खडा टाकून बघितला. "काय सचिव, तो घरचा मसुदा! चौथं कलम जरा जड वाटलं हो मला."

"मसुदा नीट आहे," ते म्हणाले. "दोन ठिकाणी तारीख लिहायची पद्धत चुकली होती, ती मी दुरुस्त केली."

लिफ्ट तळमजल्याला आली. मी उतरायला विसरलो.

गुरुवारी मी जिन्यातच त्यांना अडवलं आणि चक्क विचारलं, "वहिनींनी जावं असं वाटतं का तुम्हाला? खरं सांगा."

"माझ्या मताचा प्रश्न येत नाही," ते म्हणाले. "सचिवालय पक्ष नसतं. आपण कागद फिरवायचा आणि घड्याळ बघायचं."

"अहो, पण हा कागद तुम्ही कुठे फिरवलाय? त्यांनी फिरवलाय. तुम्हाला."

ते थांबले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. इतका वेळ थांबले की जिन्याचा दिवा आपोआप बंद झाला आणि मला हात हलवून तो लावावा लागला.

"हो," ते म्हणाले. "खरंच की. मला कधी कुणी कागद पाठवला नव्हता."

त्यांचा चेहरा जरासा हलला होता. तेव्हा मी तोंड मिटून उभं राहायला हवं होतं. आयुष्यात एकदा. पण शांतता झाली की मला खाज सुटते. मी म्हटलं, "तर मग बघा लवकर, नाहीतर वहिनींच्या कपाटावर मी आत्ताच हक्क सांगून ठेवतो. आमच्या हिच्या साड्या मावत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा परत जागेवर गेला.

"कपाट तिसऱ्या कलमात आहे," ते म्हणाले. "ते तिच्याबरोबर जातंय." आणि वर गेले.

हिला मी हे सांगितलं नाही. आजवर नाही.

रविवारी अकरा वाजता मी त्यांच्याकडे गेलो. निरीक्षक होतो, जायला निमित्त लागत नव्हतं. तिघंही जेवणाच्या टेबलाशी. सचिवांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोर फ्रिजवरून काढून आणलेला कागद, बाजूला पेन, टोपण काढलेलं. वहिनी एक जुनी फ्रेम घेऊन बसल्या होत्या, तिचा एवढासा स्क्रू घट्ट करत होत्या, सैल करत होत्या, परत घट्ट. बबडी गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत. मी भिंतीलगतच्या स्टुलावर.

"काय, सभा आहे म्हणे," मी म्हटलं.

साडेअकराला बबडी म्हणाली, "मी मोडते."

"काय?" सचिव म्हणाले.

"मौन. मी मोडतेय. लिहून घ्या."

त्यांनी पेन उचललं. "कुठल्या कलमावर?"

"सगळ्या."

"कारण?"

बबडी बापाकडे बघत राहिली. "कारण काय, बाबा? आई चाललीये. कारण काय विचारता?"

"दुसऱ्या कलमावर तुला हरकत घेता येईल," सचिव म्हणाले. आवाज अगदी मऊ होता, हेही सांगितलं पाहिजे. "त्यात तुझा उल्लेख आहे. बाकीच्यांवर तू..."

"तुझं नकोय गं मला," वहिनी मध्येच म्हणाल्या. बबडीला म्हणाल्या, पण बघत होत्या सचिवांकडे. स्क्रू बोटात धरलेला. "तुझं मला माहीत आहे. मी तुझ्यासाठी नाही थांबलेय इथे."

झालं. मला शपथेतून त्यांनी स्वतःच मोकळं केलं. आता काही कळायचं बाकी राहिलं नव्हतं. त्या टेबलाशी बसलेल्या कुणालाही कळलं असतं, आणि सचिव एकोणीस वर्षं लोकांच्या न बोललेल्या गोष्टी ऐकून पोट भरणारा माणूस. त्यांना कळलं. मी बघत होतो, त्यांना कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कागद थोडा आपल्याकडे ओढला. चौथ्या कलमावर पेनाचं टोक आलं, टेकलं नाही.

"लिहा," मी मनातल्या मनात म्हणत होतो. मनातल्या मनात. मी, जो आरशालाही बातम्या सांगतो. स्टुलावर बसून तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. मला बोलायला कुणी अडवलं नव्हतं. निरीक्षकाचा नियम म्हणजे काय, एका थट्टेतून निघालेली गोष्ट. मी खाकरलो सुद्धा नाही.

घड्याळात बारा वाजले. वहिनींनी फ्रेम टेबलावर ठेवली आणि उठायला खुर्ची मागे सारली.

"थांब," सचिव म्हणाले.

वहिनी अर्ध्या उठलेल्या थांबल्या. बबडीने पाय खाली सोडले.

"हे घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे," सचिव म्हणाले.

वहिनी परत बसल्या.

ती दोन मिनिटं आम्ही चौघं बसून राहिलो. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टीं टीं चालू होतं, मग ते बंद झालं. सचिवांनी एकदा तोंड उघडलं. ओठांच्या कोपऱ्यात थुंकीची बारीक तार दिसली. मग मिटलं. मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघत होतो, त्यातला काटा धक्के घेत पुढे जाणारा होता.

मग त्यांनी कागद सरळ केला आणि खाली लिहिलं. काय लिहिलं ते मला न बघताही ठाऊक होतं. मुदतीत कोणी मौन मोडलं नाही. बबडीची हरकत दुसऱ्या कलमापुरती नोंदली, पण कारण अपुरं म्हणून ग्राह्य नाही.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं," सचिव म्हणाले.

"बरं." वहिनी उठल्या. "भावजी, जेवून जाता?"

मी जेवून गेलो. काय खाल्लं ते आठवत नाही.

एक तारखेला वहिनी गेल्या. त्यांची बांधाबांध सचिवांनी केली आणि ती इतकी चोख झाली की टेम्पोवाला म्हणाला, साहेब, आमच्याकडे कामाला या. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, आत काय, कुठल्या खोलीत, आधी उघडायचं की नंतर. वहिनींची काचा बसवायची हत्यारं त्यांनी स्वतःच्या स्वेटरात गुंडाळली होती. चांगला स्वेटर होता. वहिनींनी ते बघितलं, आणि स्वेटर सोडवून परत द्यायला वेळ नाही असं म्हणाल्या. टेम्पोत त्या पुढे बसल्या. सचिवांनी दार लावलं, नीट लागलं की नाही ओढून बघितलं.

आम्ही दोघं फुटपाथवर उभे होतो. मला एक विनोद सुचला होता. तो मी केला नाही. आता न करून काय उपयोग?

बबडी त्या दिवशी खाली आलीच नाही. संध्याकाळी तिने आमचं दार वाजवलं. "काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? चौथ्या कलमाचं?"

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "चिकटपट्टी आहे का? रुंद असलेली."

मी दिली. शाळेचं वर्ष संपायला पाच महिने होते. तिने तेव्हापासूनच तिची खोकी भरायला घेतली होती. रोज थोडी थोडी. बापासारखीच, चिठ्ठ्या लावून.

नंतरचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. सचिव कामाला जायचे, यायचे. घरात सगळं वेळेवर. गाद्यांच्या बाईंनी त्यांना आणखी एका विभागाचं काम दिलं. लिफ्टमध्ये भेटले की मी काहीतरी चेष्टा करायचो आणि ते उत्तर द्यायचे. फ्रिजवर कागद नव्हते, कारण बबडी एकटीच सभासद उरली होती आणि तिला जे हवं ते तिला मिळत होतं. आमची ही म्हणायची, भिंतीपलीकडे कुणी राहतं की नाही तेच कळत नाही.

तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी लिफ्टची वाट बघत होतो. सचिव आले. बॅगेतून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे कागद द्यायची त्यांना सवय नाही, म्हणून मी जरा दचकलोच.

"वाचा," म्हणाले. "गेल्या मंगळवारी मी हे पाठवलं. ही माझी प्रत."

हाताने लिहिलेलं होतं. नमुना नाही, क्रमांक नाही, एका बाजूला ओळी खाली घसरलेल्या. मी सगळं सांगत नाही. बोलतो मी खूप, पण ते पत्र माझं नाही. शेवटच्या ओळीत एवढं होतं की, रविवारी बारा वाजून गेल्यावर, तू ताटं वाढत होतीस तेव्हा मला सुचलं की मला काय म्हणायचंय. तू जाऊ नकोस, असं मला म्हणायचं होतं.

"मुदत संपल्यावर कुणी हरकत पाठवली, तर आमच्याकडे ती टाकून देत नाहीत," सचिव म्हणाले. "तिला निवेदन म्हणतात. ते फाइलला लावतात. मसुदा मंजूरच राहतो, पण निवेदन लागतं फाइलला."

"मग? आलं का उत्तर?"

त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. चष्म्याच्या दुकानाचं छोटं पावतीपुस्तक असतं, त्यातलं पान. वहिनींचं अक्षर मी ओळखतो, आमच्या दुधाच्या वहीत त्यांनी कितीदा लिहिलंय. त्यावर दोनच शब्द होते. नोंद घेतली.

मी पान उलटून बघितलं. मागे काही नव्हतं.

"ह्याला उत्तर द्यायचं असतं का?" मी विचारलं. दुसरं काय विचारायचं?

"नाही," सचिव म्हणाले. "नोंद घेतली म्हणजे ते तिथे संपतं." त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. "निवेदन मिळाल्याचं मात्र तिने लगेच कळवलं. पुष्कळ लोक तेवढंही करत नाहीत."

लिफ्ट आली. मी दार धरलं, ते आत गेले, मीही गेलो. खाली त्यांनी मला आधी उतरू दिलं.